मागच्या खोलीसकट

शिवणकामावर घर चालवणाऱ्या ताईला घाई खपत नसे, आणि तिचा धाकटा भाऊ म्हणजे नुसती घाई. घराच्या लिलावाची जाहिरात वाचून स्वारी हुरळूनच गेली.

"ताई, तळमजला, पुढे अंगण, आणि किंमत निम्मी! बाबांना उन्हात बसवायचंय की नाही?"

बसवायचं होतंच. पाय गेल्यापासून बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी अडकून पडले होते. जाहिरातीतल्या त्या घरात ताईचाही जीव गुंतला होता. पण साठवलेले पैसे एकदाच घर घेण्याइतके होते, म्हणून तिने आधी वकीलबाईंना घराचे जुने कागद शोधायला लावले.

"बँकेचा बोजा लिलावाच्या पैशातून उतरेल," वकीलबाई म्हणाल्या. "थकलेली घरपट्टी तुमच्या गळ्यात पडेल. आणि मागच्या खोलीत एक घड्याळजी राहतात. जुन्या मालकाने त्यांना हयातभर राहायचा हक्क नोंदवून दिलाय, तोही बँकेच्या कर्जाआधी. घर कुणीही घेतलं तरी ते तिथेच राहणार."

भावाचं तोंड एवढंसं झालं. "तरीच स्वस्त! नको ही ब्याद."

ताईही खट्टू झाली. तरी दुसऱ्या दिवशी जाऊन तिने मागचं दार वाजवलंच.

डोळ्याला भिंग लावलेल्या म्हाताऱ्याने दार उघडलं. "तुम्हीही खोली बघून काढता पाय घेणार ना?"

ताईचं लक्ष उंबऱ्याकडे होतं. तिथे पायऱ्या नव्हत्या, सिमेंटचा गुळगुळीत उतार होता.

"हिच्या चाकाच्या खुर्चीसाठी केला होता," घड्याळजी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले. "पुढच्या दारालाही आहे. आता वापरायला कुणी नाही."

ताईने बाबांबद्दल सांगितलं. म्हाताऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं.

"पत्ते खेळतात का?"

"खेळतात. पण हरले की भांडतात."

"मग चालेल."

लिलावात मागच्या खोलीची अट वाचून दाखवताच निम्मे लोक उठून गेले, उरलेल्यांनी नाकं मुरडली. ताईने घरपट्टीची रक्कम वजा करून बोली लावली आणि घर तिच्या पदरात पडलं. भावाने एवढ्या मोठ्याने टाळ्या वाजवल्या की अधिकाऱ्याने त्याला दटावलं.

राहायला गेले त्या दिवशी भावाने बाबांची खुर्ची ढकलत उतारावरून अंगणात आणली. ऊन अंगावर येताच बाबांनी डोळे मिटले. ताईला रडू आवरेना.

घड्याळजी अंगणात पत्ते पिसत बसले होते.

"किती उशीर!" ते बाबांवरच खेकसले. "मी कधीचा वाट बघतोय."