शलमोनरावांचं नाक

शलमोनरावांनी बाटलीचं बूच काढलं, बाटली नाकाखाली धरली आणि डोळे मिटले. समोर खुर्चीच्या कडेवर मोनिका बसली होती, मांडीवर हेल्मेट घेऊन. दया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत गॅसवर दूध होतं, पण तिचं लक्ष वडिलांच्या चेहऱ्याकडे होतं. अशी तंद्री तिने त्या चेहऱ्यावर फक्त रविवारच्या उपासनेत पाहिली होती.

बाटलीत तपकिरी, फेसाळ पाणी होतं. कारखान्याच्या डिस्टिलरीत टाकीत आंबत असलेली उसाची मळी.

"सर, जरा आंबूस येतोय ना वास? कैरीसारखा?" मोनिकाने विचारलं.

"येतोय," शलमोनराव म्हणाले. "टाकी तापली असंल. गार पाणी वाढव."

"मलाबी तेच वाटलं."

"मग इथवर कशाला आलीस? पेट्रोल जाळायला?"

"जळू द्या की सर. पाचातला एक थेंब आपलाच हाय."

दोघं खळखळून हसले. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल त्याच टाक्यांतून जायचं, म्हणून हा त्यांचा ठरलेला विनोद. दयाही पुण्याहून स्वतःच्या गाडीने आली होती. तिच्या गाडीतही तेच पेट्रोल होतं. तिच्याशी हा विनोद कधी कुणी केला नव्हता.

शलमोनरावांची सगळी नोकरी त्या टाक्यांजवळ गेली. दारूचा थेंब न चाखलेला माणूस, पण टाकी बिघडणार हे नुसत्या वासावरून सांगायचा. पूर्वी तिथे पिण्याची दारू व्हायची, तेव्हा चर्चमध्ये लोक दबक्या आवाजात बोलत. पुढे गाड्यांचं इंधन निघू लागलं आणि पाळकसाहेबच एकदा म्हणाले, "शलमोनभाऊ, आधी तुमच्यामुळं माणसं झुलायची, आता निदान सरळ घरी तरी पोचतात." शलमोनराव ते आल्यागेल्याला सांगत.

निवृत्तीआधी त्यांनी मोनिकाला हाताखाली घेतलं. ती पाथर्डीकडची. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जात. "आईबापानं तोडला, पोरीनं गाडीत घातला," असं ते तिची ओळख करून देताना म्हणायचे आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबायचे. दयाची ओळख करून देताना म्हणायचे, "ही दया. पुण्याला असते." ती कॉलेजात मराठी शिकवते, हे पाहुण्यांना पुढे विचारून घ्यावं लागे.

वास कसला ते आधी आपणच सांगायचं आणि मग विचारायचं, दया मोनिकाकडे बघत मनात म्हणाली. बरी हुशारी आहे.

"ताई, दूध!"

मोनिका हेल्मेट टाकून धावली, दयाच्या अंगावरून आत शिरली आणि तिने गॅस बंद केला. पातेलं तळाशी काळं झालं होतं. करपट वासाने घर भरलं.

"काय झालं?" दाराला लागूनच बसलेले शलमोनराव म्हणाले.

"राहू दे. मी बघते," दया मोनिकाला म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. मोनिकाने ओले हात ओढणीला पुसले, "सॉरी ताई" म्हणाली आणि थोड्या वेळाने गेली.

संध्याकाळी त्याच दुधाचा चहा झाला. दयाने एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला. शलमोनरावांनी मात्र शेवटपर्यंत प्यायला आणि म्हणाले, "झकास झालाय."

हा टोमणा आहे असं दयाला वाटलं. तिने कप उचलले आणि तपासायचे पेपर घेऊन ती आतल्या खोलीत जाऊन बसली. सकाळी शलमोनराव प्रार्थनेला उठले नाहीत.

कबरस्तानात मोनिका मोठ्याने रडली. दयाला रडू आलंच नाही. डिस्टिलरीतले कामगार रांगेने आले, दयाला हात जोडून पुढे सरकले आणि मोनिकाभोवती उभे राहिले. "मॅडम, धीर धरा. सर गेले, पन तुमाला सगळं शिकवून गेले." गावाकडून आलेल्या रतनबाईंनी दयाच्या कानाशी येऊन विचारलं, "ही धाकली का गं तुझी? लई जीव हुता वाटतं बापावर."

"नाही," दया म्हणाली. "ती कामावरची."

स्मरणाची प्रार्थना झाल्यावर एका दुपारी मोनिका आली. दया कपाट आवरत होती. दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या. मोनिका शलमोनरावांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची टाळत होती.

"आता कुणाला दाखवणार नमुने?" दयाने विचारलं. त्यात धार होती, ती तिने लपवली नाही.

"ताई," मोनिका म्हणाली, "सरांना वास येत नव्हता."

"काय?"

"लई दिवस झाले. आजारातनं उठले तवापासून. एकदा माझ्याकडनं चूक झाली. बॅगेत दोन बाटल्या हुत्या, मी न बघताच नमुन्याऐवजी प्यायच्या पान्याची दिली. सरांनी आधीच डोळे मिटले हुते, तशीच हुंगली. म्हनले, टाकी एकदम बेस चाललीय. मी हसले. वाटलं, गंमत करतात." ती थांबली. "मग त्यांचं तोंड बघितलं."

दयाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"त्यानंतर मी आधीच सांगायची, कैरीसारखा येतोय, गुळासारखा येतोय. ते व्हय म्हनायचे. पन दर शनिवारी फोन यायचा, आज काय आनतीस म्हनून. मग मी बी यायची."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हनले, दयाला कळू देऊ नको."

"का?"

"ते मी विचारलं न्हाई."

दयाच्या डोळ्यांपुढे तो चहाचा कप आला. करपट चहा तळापर्यंत पिऊन झकास म्हणणारा माणूस तिच्यासमोरच बसला होता, आणि त्याचं काय हरवलंय हे पाथर्डीच्या या मुलीला ठाऊक होतं. ती उठून खिडकीशी गेली. मोनिकाने उठायचं की नाही हे न कळून हेल्मेट हातात घेतलं.

"मला तुझा हेवा वाटायचा," दया पाठमोरीच म्हणाली. "आधी त्या टाक्यांचा वाटायचा, मग तुझा. आता तर जास्तच वाटतो."

"ताई..."

"थांब. बोलू दे मला. तू येणार असलीस की सकाळपासून तयारी. दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, भांग पाडून या खुर्चीत ताठ बसायचे. मी यायचे तेव्हा बनियनवर. कवळी काढून पेल्यात टाकलेली. मी दोन दोन तास गाडी चालवून यायचे, कॉलेजातलं काहीतरी सांगायला लागायचे, आणि हे माझ्यासमोर पाय पसरून घोरायचे."



"सरांना कवळी हुती?" मोनिकाने विचारलं.

दया वळली. मोनिका खरोखरच चकित होऊन तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आणखीही काही होतं, जे दया चांगलं ओळखत होती.

"वरची सगळी," दया म्हणाली. ती मोनिकाशेजारी येऊन बसली. "मलाही म्हणाले होते, कुणाला सांगू नको."