ललितच्या नावाची मूठ

मी एक जुना घट्या आहे. तुमच्या पुस्तकांत मला जातं म्हणतात. आणि मित्रांनो, मी आज रागात आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. चोपड्याला हिलाल आबांच्या घरी मी आलो आणि वर्षानुवर्षं राबलो. बायका गात दळायच्या, माझं कौतुक करायच्या. मग गिरणी आली. गरज सरो, वैद्य मरो! आता मी न्हाणीमागे पडलेला असतो. फक्त श्रावणात घरात कानबाई देवी बसते तेव्हा मला धुतात, हळदकुंकू लावतात. देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात आणि माझ्यात दळतात. लेकीबाळींच्या नावाची मूठ नसते, पण रोट घरातल्या सगळ्यांना मिळतो. घराबाहेर मात्र कुणाला देत नाहीत.

सुनंदाबाई ही आबांची सून. तिचं थोरलं लेकरू ललित. लहानपणापासून मनात होतं ते त्या लेकराने धुळ्याला नोकरी लागल्यावर उघड सांगितलं, की मी मुलगी आहे आणि माझं नाव दिपमाला. यंदा ती साडी नेसून सणाला आली. आबा गहू काढत होते. गल्लीतले लोक दारात उभे राहून खिदळत होते. त्यांचं पीठ पाडावं असं मला वाटलं.

“आबा, ललितना नावनी मूठ काढू नका,” ती शांतपणे म्हणाली. “मी तुमनी नात शे.”

“मूठ नही तं रोट बी नही,” आबा म्हणाले.

हा कुठला न्याय? घरात आणखी तीन नाती आहेत. एकीचीही मूठ काढत नाहीत आणि तिघी पोटभर रोट खातात.

सुनंदाबाई मात्र घाबरली. घरातल्या नावाची मूठ थांबते ती माणूस मेल्यावरच, हेच तिच्या डोक्यात. दिपमाला आत गेल्यावर तिने ललितच्या नावाने सव्वा मूठ गुपचूप माझ्या तोंडात टाकली. आणि मी ती दळली. मुकाट्याने दळली. याबद्दल मला माझाच संताप येतो.

जेवायच्या वेळी सुनंदाबाईने आबांना खरं सांगून टाकलं. मूठ घातलीच आहे तर शर्ट घालून ललित म्हणून बस, असं आबांनी दिपमालाला सुनावलं. ती ताटावरून उठली आणि उपाशीपोटी धुळ्याच्या बसला गेली. तिचा बाप झुलाल मान खाली घालून जेवत राहिला.

सकाळी सुनंदाबाईने दोन रोट फडक्यात बांधले. आबा दारात आडवे आले. रोट घराबाहेर जात नाही, असं त्यांनी बजावलं.

“घरनाच माणूसले दी ऱ्हायनी, आबा,” ती म्हणाली. “मनी पोरले.”

‘माझ्या पोरीला’ म्हणाली ती, आणि आबांच्या बाजूने वाट काढून धुळ्याला निघाली.

मित्रांनो, माझी पूजा नाही केलीत तरी चालेल. मी दगड आहे, मला भूक लागत नाही. तुमच्या लेकरांना लागते. ती जे नाव सांगतील त्या नावाने त्यांना हाक मारा, आणि आधी जेवायला वाढा.