विझण्याचं काम

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. काचेला तडा गेलेला, टाकीला पोचे पडलेले आणि कडी एका बाजूने तारेने बांधलेली. आजच्या मुलांनी मला बहुधा चित्रातच पाहिलं असेल. उजेड देणाऱ्या वस्तूचं कौतुक उजेडासाठी होतं. माझं कौतुक मात्र मी विझलो की होत असे. तुम्ही म्हणाल, हा कंदील म्हातारपणी चळला. तसं नाही. ऐका.

पत्र्याच्या तुकड्यांतून कारखान्यात माझा जन्म झाला. रेल्वेने सेलूला आलो आणि बाजारातल्या एका दुकानात खिळ्याला टांगला गेलो. तिथून मला वालूरच्या सितारामने विकत घेतलं. सिताराम विहिरी आणि आड साफ करायचा. आड म्हणजे अरुंद, खोल विहीर. वरून पाहिलं तर तळ दिसत नाही. वर्षानुवर्षं न उपसलेल्या अशा आडात पालापाचोळा कुजतो, विषारी हवा साचते आणि वाट बघत बसते. तिला रंग नसतो. उतरलेला माणूस 'अरे' म्हणायच्या आत खाली बसतो तो बसतोच.

म्हणून सिताराम आधी मला उतरवायचा. कडीला दोर बांधायचा आणि म्हणायचा, "जा बाबा म्होरं. तू जगला तर मी जगलो." मी जळत जळत खाली जायचो. तळापर्यंत जळत राहिलो की तो उतरायचा. मध्येच माझी वात आचके देऊन विझली की वरचे मला ओढून घ्यायचे. मग कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून तो आडात वरखाली हलवायचे, पाणी मारायचे आणि हवा खेळती झाली की मला पुन्हा सोडायचे. त्या दिवशी सिताराम माझी काच स्वतःच्या धोतराने पुसायचा. विझल्याबद्दल शाबासकी मिळवणारा दिवा सबंध जिल्ह्यात मी एकटाच असेन. त्या दिवसांचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

सिताराम अंथरुणावरच गेला, म्हातारा होऊन. आडात उतरणाऱ्या माणसाला असं मरण मिळावं, यात माझाही वाटा होता. पुढे घरात वीज आली, रेशनचं रॉकेल बंद झालं आणि मी खुंटीवर चढलो. सितारामचा मुलगा सुगत मला विसरला नव्हता, पण मला द्यायला तेलच नव्हतं. माझ्या कोरड्या वातीपाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं. गरज सरो, वैद्य मरो. निदान माशीच्या तरी उपयोगी पडतोय, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

यंदाच्या उन्हाळ्यात भागवतच्या शेतातल्या जुन्या आडाचा गाळ काढायचं काम सुगतला मिळालं. निघताना त्याने मला खुंटीवरून काढून पिशवीत घातलं. बायको रेणुका म्हणाली, "तेल न्हाई, वात वाळून गेलेली, काहून नेता त्याला?"

"बाबाचा नेम हाय. भागवतभाऊकडून जरासं डिझेल घेतो," तो म्हणाला.

त्यानंतरचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं, कारण मी पिशवीतच होतो. आडाजवळ सुगतने सदरा काढला, घडी केली आणि पिशवीवर ठेवला. मग डिझेल मागितलं.

"कशाला रे?" भागवतचा आवाज आला. "दिवा हाय की माझ्याकडं. हे बघ, सोडला. दिसायलाय का?"

"दिसायलाय."

"विझला का?"

"न्हाई."

"मग उतर. तपासलंय."

मित्रांनो, मी पिशवीत चकित झालो. माझ्यासारखा दुसरा दिवा वालुरात आला कुठून? खरं सांगतो, मला थोडा हेवाच वाटला. तेवढ्यात सुगत उतरू लागला. त्याच्या पायाखालचे दगड वाजले. मग वाजायचे थांबले. भागवतने हाक मारली, पुन्हा मारली. ओ आली नाही. तो धावत गेला आणि काही वेळाने धापा टाकत परत आला. पिशवीवर काहीतरी ओतलं गेलं. त्याचा वास रॉकेलचा नव्हता, डिझेलचाही नव्हता. मग एक हात आत आला, त्याने मला बाहेर काढलं, कडीला दोर बांधला आणि आडाच्या काठावर ठेवलं. त्यानंतर भागवत लोकांना हाका मारत सुटला.

माणसं तोंडाला कापड बांधून, गळ टाकून सुगतला वर काढेपर्यंत मी काठावर तसाच होतो. मला तोंड असतं तर!

भागवतने सगळ्यांना एकच सांगितलं: "कंदील सोडून बघितला, विझला न्हाई. पण ह्यो पिऊन आला व्हता. झोक गेला न् पडला." सदऱ्याला दारूचा वास येत होता आणि काठावर कंदील होता. मग आणखी काय हवं? पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. शवविच्छेदनाचा अहवाल यायला महिने लागतात आणि गावाची जीभ तेवढं थांबत नाही. सुगतची मुलगी साक्षी शाळेतून परत आली ती दप्तर न काढताच भिंतीकडे तोंड करून बसली. कुणीतरी तिला 'बेवड्याची पोरगी' म्हटलं होतं.

मी आणि तो सदरा रेणुकाला परत मिळालो. आम्हा दोघांना घेऊन ती थेट सिद्धोधनकडे गेली. गावात त्याला फौजी म्हणत. कारगिलच्या लढाईतून परतलेला हा माणूस. कुणाचा बैल हरवो, कुणाची मोटर चोरीला जावो, लोक त्याच्याकडे यायचे. कारण तो खाली मान घालून चालायचा आणि जमिनीवरचं सगळं वाचायचा. मात्र त्याची एक खोड होती. तो नांगरलेल्या शेतात पाय ठेवत नसे. बांधावरून, गाडीवाटेने लांबचा वळसा घालेल, पण भुसभुशीत मातीवर येणार नाही. शेतकऱ्यांच्या गावात याहून हसण्याजोगं काय असणार? लोक हसायचे.

"भाऊजी," रेणुका म्हणाली, "हे प्यायचे न्हाईत. पंचशील घेतलं तवापासून थेंब न्हाई. माणूस गेला, तो काही येत न्हाई. पण माझ्या लेकीनं जन्मभर हे ऐकायचं का?"

फौजीने आधी सदरा पाहिला. नाकाशी नेला, उलटा केला. "पिणाऱ्याचा सदरा म्होरून भिजतो," तो म्हणाला. "ह्यो पाठीवर भिजलाय. घडी घातलेल्या सदऱ्यावर वरून वतलीया." मग म्हणाला, "धुऊ नको बाई इतक्यात."

मग माझी पाळी आली. त्याने माझी काच उचलली आणि तो थबकला. कुंभारणीचं घर वातीवर जसंच्या तसं होतं. त्या क्षणी मला त्या माशीचे पाय धरावेसे वाटले. "ह्यो कंदील पेटलाच न्हाई," तो हळूच म्हणाला.

तो भागवतला वाटेत भेटला तेव्हा मी त्याच्या हातात होतो. सरळच विचारलं. भागवतचा चेहरा उतरला, पण तो मागे हटला नाही. "आईची आण फौजी, दिवा सोडला व्हता. विझला न्हाई. आण खोटी असंल तर माझी जीभ झडंल."

पुढे दोन दिवस फौजीने मला समोर ठेवून विचार केला. दिवा पेटला नाही हे खरं. भागवतची शपथ खोटी वाटत नव्हती, हेही खरं. दोन्ही खरं कसं? दुपारी त्याचा डोळा लागला की तो दचकून उठायचा आणि बाजेवरून पाय खाली टेकवण्याआधी हाताने जमीन चाचपायचा. "धम्मपाल, थांब," असं म्हणायचा. हा धम्मपाल जिंतूरकडचा, त्याचा लढाईतला जोडीदार. शत्रूने सुरुंग पेरलेल्या उतारावरून त्यांची तुकडी निघाली होती. पुढून कुणीतरी ओरडलं, "तपासलंय, चला." धम्मपाल चालला. माती उकरल्यासारखी भुसभुशीत होती. पुढचं फौजीने कुणालाच सांगितलं नाही. मला, एका कंदिलालासुद्धा नाही. पण 'तपासलंय' हा शब्द ऐकला की त्याचा हात छातीकडे जायचा, एवढं मी पाहिलं. भागवतने तोच शब्द वापरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाटलीत डिझेल भरलं, मला उचललं आणि रेणुकाला सोबत घेतलं. शेताच्या कडेला पोचल्यावर त्याचे पाय जागीच थिजले. पेरणीआधी भागवतने सगळं रान ट्रॅक्टरने नांगरून घेतलं होतं. आडाकडे जाणारी पायवाटही गेली होती. काळ्या ढेकळांच्या मधोमध आड होता. फौजीने माझी कडी घट्ट आवळली. त्याच्या कपाळावर घाम डवरला. मग त्याने डोळे मिटले आणि पाऊल टाकलं. माती खचली. फुटलं काही नाही. त्याने दुसरं टाकलं. मित्रांनो, त्या माणसाने शेत कसं ओलांडलं ते मीच जाणतो, कारण त्याच्या मुठीतला घाम माझ्या कडीवरून खाली ओघळत होता.

आडाजवळ भागवत आला, त्याची म्हातारी आई चतुराबाई आली, चारदोन गावकरी जमले. फौजीने माझी काच उचलून सगळ्यांना कुंभारणीचं घर दाखवलं. म्हणाला, "हे मोडल्याबिगर कंदील पेटत न्हाई. बघून घ्या." मग त्याने ते अलगद काढलं, टाकीत डिझेल ओतलं, वात भिजू दिली आणि काडी लावली. डिझेलवर मी धूर ओकत, खोकत पेटलो. पण पेटलो. किती वर्षांनी!

दोर सैल होऊ लागला. वर आभाळाचा गोल लहान होत गेला. ओल आली, कुजका वास आला. आणि मग हवा संपली. माझी वात एकदा उंच झाली, निळी पडली आणि गेली. तळ तर अजून लांबच होता.

फौजीने मला भराभर वर ओढून सगळ्यांना दाखवलं. आणि तेवढ्यात भागवत ओरडला, "आसं कसं? माझी न्हाई विझली!"

"तुझी?" फौजीने विचारलं. "तुझी कोणती?"

भागवतने खिशाकडे हात नेला आणि तिथेच थांबला. चतुराबाईने त्याचा हात बाजूला सारून खिशातून मोबाईल काढला. त्याच्या चार्जिंगच्या भोकात काळा गाळ वाळलेला होता. भागवतने मोबाईलची बत्ती लावून तो दोरीने आडात सोडला होता. ती बत्ती तळाला जाऊनही लखलखत राहिली, आणि त्याने प्रामाणिकपणे मानलं की दिवा विझला नाही. शपथ खरी होती. माणूस मेला तोही खराच.

चतुराबाईने मोबाईल लेकापुढे धरला. "भागवता, आडात जाळ सोडायचा आस्तो रं. उजेड न्हाई. जाळाला दम घ्यावा लागतो, माणसावानी. ह्या डबीला कशाचा दम?" मग तिचा आवाज चिरकला. "आन् सदऱ्याला दारू कुणी वतली?"

भागवत ढेकळांतच बसला. "मीच. लोक माझ्यावर येतील वाटलं. भेव वाटलं, आई."

"चुकला आसतास तर माफी व्हती," म्हातारी म्हणाली. "मेलेल्या माणसाला बेवडा केलास. ऊठ. पोलीस पाटलाकडं चल, आन् हाय तसं सांग."

ती त्याला घेऊन गेली. कायदा त्याचं काय करायचं ते करील. मला कायद्यातलं कळत नाही. चूक अडाणीपणाची होती, म्हणून मी तिच्यावर रागावू शकत नाही. पण त्या सदऱ्यावर ओतलेल्या बाटलीला मी कधीही माफ करणार नाही.

सगळे पांगले, पण फौजी आडापाशीच उभा होता. येताना जेवढं बळ होतं तेवढं संपलं होतं. चारही बाजूंना नांगरलेली माती. तो पांढराफटक पडला होता. रेणुकाने मला हातात घेतलं आणि ती पुढे झाली. "भाऊजी, माझ्या पावलात पाय ठेवा," ती म्हणाली. तिचा नवरा जिथे मेला तिथून तिने त्या माणसाला पावला-पावलाने बाहेर काढलं. फौजी बरा झालेला नाही, मित्रांनो. अजूनही तो वळसा घालूनच जातो. पण आता त्याला कुणी हसत नाही.

घरी येऊन रेणुकाने तो सदरा धुतला. पुन्हा धुतला. वास गेल्यावर तिने तो साक्षीच्या हातात दिला.

आता मी रेणुकाच्या दारात टांगलेला असतो, शेजारी डिझेलची बाटली असते. आड उपसायचा असेल तर लोक मला मागून नेतात. माझं म्हणणं एवढंच आहे. मला पुसा किंवा पुसू नका, माझी काच बदला किंवा बदलू नका. पण कुणी 'तपासलंय' म्हणालं, तर त्याला विचारा, कशानं तपासलंय? लाजू नका, मालक असो की साहेब. नव्या बत्त्या माझ्यापेक्षा कितीतरी लखलखीत आहेत, हे मी मानतो. त्या कुठेही विझत नाहीत. मी विझतो, म्हणून माणूस वाचतो. त्या दिवशी मी पिशवीत होतो, आणि मला कुणी विझू दिलं नाही.