न धुतलेले फाटक

मी एक जुने फाटक आहे. चार लाकडी पट्ट्या, मध्ये बारीक भोकांची जाळी, डाव्या अंगाला एक पाचर, उजव्या अंगाला कडी आणि उंची मोठ्या माणसाच्या कमरेएवढी. दिसायला मी काही देखणे नाही, ते मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, गेल्या काही दिवसांत माझ्या आयुष्यात असे काही घडले आहे की ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

माझा जन्म मोठ्या घाईत झाला. या घरात बिट्टीची आई लाँड्री चालवते. पुढे दुकान, मध्ये इस्त्रीची खोली आणि मागे राहायच्या दोन खोल्या. इस्त्री करतो तो बिट्टीचा मामा. बिट्टी नऊ महिन्यांची असताना एके दिवशी रांगत रांगत थेट इस्त्रीच्या खोलीत शिरली आणि गरम इस्त्रीच्या लोंबत्या वायरीला तिने हात घातला. मामाने तिला वरच्यावर उचलले म्हणून बरे. त्याच दुपारी शेजारचे सुतारकाका हातातले काम टाकून आले आणि संध्याकाळपर्यंत मी त्या दारात उभे होते. घाईत माप बोटभर चुकले, म्हणून माझ्या डाव्या अंगाला पाचर आहे. त्या पाचरीबद्दल मला कुणी हसलेले चालत नाही.

मी चार वर्षे तो दरवाजा राखला. बिट्टीने माझ्यापुढे रडून पाहिले, लोळून पाहिले, शेवटी माझी मधली पट्टी चावून पाहिली. तिच्या पहिल्या चार दातांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. आलेल्या गिऱ्हाइकाला आई कौतुकाने सांगायची, "हे फाटक आहे म्हणून मी निर्धास्त आहे हो." ते ऐकून माझी छाती फुगायची.

मग बिट्टीला कडी काढता येऊ लागली. फाटकाच्या आयुष्यात याहून वाईट दिवस नाही. आईने मला साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुतले, पुसले आणि कपाटामागे ठेवून दिले. तिथे माझ्या सोबतीला एक मोडकी छत्री आणि वाकड्या हँगरचे खोके होते. गरज सरो, वैद्य मरो! पाच वर्षे मी तिथे धूळ खात पडले होते. कुणी माझे नावसुद्धा काढले नाही.

पण कान उघडे होते. कपाटाच्या फटीतून मला मागच्या खोलीतले सगळे कळायचे. तिथे बिट्टीचे दोन ससे राहायला आले. त्यातला करडा, जाडजूड ससा रोज सकाळी खोलीच्या चारही भिंतींच्या कडेने गस्त घालायचा, म्हणून मामाने त्याचे नाव ठेवले कोतवाल. त्याची सोबतीण पांढरी होती. दोघे एका ताटलीत खायचे, एकमेकांना टेकून झोपायचे. मग पांढरी म्हातारी झाली, आजारी पडली आणि गेली.

त्या दिवसापासून कोतवालाने गस्त सोडली. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. बिट्टी त्याच्यासमोर कोवळी पाने धरायची, तर तो दोन पाने खाऊन बाकीची तशीच टाकायचा. बिट्टीसुद्धा मग ताटात अन्न टाकू लागली. शेवटी आईने प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना बोलावले. त्यांनी कोतवालाला उलटसुलट तपासले आणि म्हणाल्या, "पोट ठीक, दात ठीक. याला सोबत हवी आहे, दुसरं काही नाही."

सोबत त्यांच्याकडेच होती. दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी एका खोक्यात घालून सोडलेली छोटी काळी सशीण. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, काही नाही, काळी कुळकुळीत. मामा म्हणाला, "ही तर मिरी!" आणि तेच नाव पडले. दोघांचीही शस्त्रक्रिया आधीच झालेली होती, त्यामुळे पिल्लांची काळजी नव्हती. पण डॉक्टरबाईंनी एक अट घातली. एका माळीकाकांनाही ससा हवा होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत या दोघांचे जमले तर मिरी इथे राहील, नाही तर ती माळीकाकांकडे जाईल.

"जमणारच!" बिट्टी म्हणाली. आणि डॉक्टरबाईंची पाठ वळते न वळते तोच तिने मिरीला उचलून थेट कोतवालाच्या खोलीत सोडले. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

मित्रांनो, सशाला तुम्ही भित्रा म्हणता ना? त्याच्या घरात न विचारता कुणी शिरले की मग पाहा. कोतवाल पंधरा दिवसांनी पहिल्यांदा भिंतीपासून हलला तो मिरीच्या अंगावर झेप घ्यायला. खोलीभर केस उडाले. मामाने कपड्यांची टोपली दोघांच्या मध्ये उपडी घातली म्हणून निभावले.

डॉक्टरबाई फोनवर खूप रागावल्या. "अहो, मध्ये काहीतरी आडोसा हवा! दोघांना एकमेकांना बघू दे, वास घेऊ दे, पण दात पोहोचता कामा नयेत. जाळीचं काही आहे का घरात?"

मामा इकडेतिकडे शोधू लागला. मग आई म्हणाली, "अगं बाई! आपलं फाटक!"

आपलं फाटक! छत्री आणि हँगर बाजूला झाले, मला उजेड दिसला. मामाने माझी पाचर ठोकून बसवली आणि मला मागच्या खोलीत मधोमध, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये उभे केले. एका बाजूला कोतवाल, दुसऱ्या बाजूला मिरी. आधीची सगळी वर्षे माझे काम होते कुणाला आत येऊ न देणे. आता काम होते दोघांना लांब ठेवून जवळ आणणे. मी थरारून गेले होते. एवढी मोठी जबाबदारी, तीही कपाटामागून सरळ!

डॉक्टरबाईंनी सांगितलेले बिट्टीने वहीत लिहून घेतले होते. रोज दोघांच्या झोपायच्या फडक्यांची अदलाबदल करायची, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याच्या ओळखीचा होतो. दोघांना जेवण फाटकाच्या दोन बाजूंना, एकाच वेळी द्यायचे. आणि भेट घडवायची ती दोघांनीही पूर्वी कधी न पाहिलेल्या जागेत, म्हणजे तिथे कुणाचीच मालकी नसते.

सगळे अगदी ठरल्याप्रमाणे चालले होते. फक्त एक गोष्ट सोडून, आणि ती मला पहिल्याच दिवशी दिसली. तुम्हीच विचार करा, लाँड्रीवालीच्या घरात मळके फडके एकाखालून काढून दुसऱ्याखाली घालतील का? आई रोज ती फडकी आधी धुवायची. उन्हात वाळवायची. मामा त्यांना कडक इस्त्री मारायचा, चार घड्या घालायचा आणि मग त्यांची अदलाबदल व्हायची! कोतवाल त्या फडक्याचा वास घ्यायचा आणि शिंकायचा. मिरी पायाने ते कोपऱ्यात ढकलून द्यायची.

एवढ्यावर थांबते तर बरे होते. कोतवाल सकाळी येऊन माझ्या पट्टीवर हनुवटी घासायचा. सशाची ती सही असते, मित्रांनो. ही वस्तू माझी आहे असे तो सांगत असतो. थोड्या वेळाने मिरी दुसऱ्या बाजूने हनुवटी घासायची. मला वाटायचे, चला, निरोपांची सुरुवात झाली! आणि संध्याकाळी आई साबणाचे पाणी आणि घासणी घेऊन यायची आणि दोघांचेही निरोप पुसून टाकायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! मी मनातल्या मनात ओरडायचे, "बाई, थांब!" पण फाटकाला कडी असते, तोंड नसते.

तीन आठवडे असे गेले. मग त्यांनी दोघांना पुढच्या दुकानात भेटवले. मी दाराला टेकून बघत होते. दोघे एकमेकांसमोर आले, अनोळखी असल्यासारखे दचकले आणि भिडले. मामाने हातमोजे घालून त्यांना सोडवले, पण तेवढ्यात मिरीच्या कानाला दात लागला होता. रक्ताचा एक थेंब जमिनीवर पडला.

मला पुन्हा मागच्या खोलीत मधोमध बसवले. बिट्टी मिरीच्या बाजूला मला पाठ टेकून बसली. तिचे हुंदके मला जाळीतून जाणवत होते. "आई, माळीकाकांना सांग," ती म्हणाली. "इथे राहून ती मार खाणार असेल तर नको." नऊ-दहा वर्षांच्या पोरीने स्वतःहून असे म्हणावे, याचे मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई मिरीचा कान बघायला आल्या. कानाला मलम लावता लावता त्यांचा हात फडक्यावर पडला. त्यांनी ते उचलले, निरखून पाहिले, नाकाला लावले.

"याला इस्त्रीची घडी आहे," त्या म्हणाल्या.

"हो, मग! माझ्या हातची आहे," मामा खूश होऊन म्हणाला.

"आणि धुतलेलं आहे?"

"म्हणजे काय!" आई म्हणाली. "रोज धुते. दुसऱ्याच्या अंगाखालचं मळकं फडकं कुणाला द्यायचं का? आमच्या घरात नाही चालत तसं."

"आणि हे फाटक?"

"तेपण रोज. साबणाने."

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्या इतक्या हसल्या की मिरी दचकून टोपलीमागे पळाली. "अहो बाई, तीन आठवडे तुम्ही या दोघांची ओळख साबणाशी करून देताय!"

आईचा चेहरा पडला. तिने बिट्टीकडे पाहिले. रविवारला आठ दिवस उरले होते. "आठ दिवसांत होईल?" तिने विचारले.

"मी शब्द देत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बरं. आजपासून या खोलीत पाण्याचा थेंब येणार नाही." आई पदर खोचून म्हणाली. "पण ताई, मला आठ दिवस फार जड जातील हो."

आणि गेलेच! दिवसातून दहादा ती दारात यायची, माझ्यावरचे डाग बघायची, हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. मामा तिला चिडवायचा, "अक्का, नुसता ओला हात फिरवून बघ की!" ती त्याला लाटणे दाखवायची.

पहिले मळके फडके मिरीच्या बाजूने कोतवालाकडे आले, तेव्हा तो त्याच्याभोवती तीन वेळा फिरला. पंजाने उकरले, हुंगले, पुन्हा हुंगले. शिंकला नाही! तिसऱ्या दिवशी तो त्यावर झोपला. चौथ्या दिवशी त्याने माझ्यावर हनुवटी घासली, आणि ती बरोबर मिरीने घासली होती तिथेच. बिट्टीच्या चार दातांच्या खुणांशेजारी मिरीनेही एक खूण करून ठेवली. तीही आता मी मिरवते. आणि सहाव्या दिवशी दुपारी कोतवाल माझ्या जाळीला अंग टेकून पसरला. मिरी आली, थबकली आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या पाठीला पाठ लावून आडवी झाली. मध्ये फक्त मी! दोन्ही अंगांना एकदमच ऊब. मित्रांनो, इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता. कडी वाजू नये म्हणून मी जीव मुठीत धरून उभे राहिले.

रविवार उजाडला. दुकान बंद होते, इस्त्र्या थंड करून वर ठेवल्या होत्या. भेट इस्त्रीच्या खोलीत ठरली, कारण तिथे दोघांपैकी कुणालाच कधी जाऊ दिले नव्हते. आणि दार अडवायला मला नेले. माझ्या त्या पहिल्यावहिल्या दारात! पाचर बरोबर तिच्या जुन्या जागी बसली. आता दोघे माझ्या एकाच बाजूला होते.

कोतवाल पुढे आला. मिरी थांबली. मामाने हातमोजे घातले. आईने बिट्टीचा हात घट्ट धरला. कोतवालाने मिरीच्या जखमी कानाजवळ नाक नेले, आणि माझा श्वासच अडकला, असता तर. मग त्याने मान खाली घातली आणि डोके जमिनीला टेकले. सशांत त्याचा अर्थ, 'माझे डोके चाट.' मिरीने काय करावे? तिनेही डोके जमिनीला टेकले! दोघेही हटून बसले, मी आधी नाही, तू आधी. एक मिनिट गेले, दोन गेली. "दोघंही आपल्या घरातलीच दिसतात," मामा पुटपुटला.

आणि मिरीने डोके उचलले. एक पाऊल पुढे टाकले आणि कोतवालाचे कपाळ चाटले. एकदा, दोनदा, मग चाटतच राहिली.

बिट्टीने ओरडू नये म्हणून आईच्या पदरात तोंड खुपसले. कोतवालाने डोळे मिटले. आणि मग तो उठला, माझ्यापर्यंत धावत आला, वळला आणि हवेत उडी मारून त्याने आनंदाने सगळे अंग झटकले! त्या जाडजूड म्हाताऱ्याने! मागोमाग मिरीनेही तशीच उडी मारली. मग कोतवालाने इस्त्रीच्या खोलीच्या चारही भिंतींच्या कडेने गस्त घातली आणि मिरी त्याच्या मागून.

थोड्या वेळाने माळीकाका आले, हातात पाल्याने भरलेली टोपली घेऊन. माझ्यावरून वाकून त्यांनी आत पाहिले. "अरेच्चा," ते म्हणाले. मग त्यांनी टोपली आत ठेवली. "हिच्यासाठीच आणला होता पाला. खाऊ दे दोघांना." आणि दोघांनी एकाच पानाची दोन टोके धरली.

त्यानंतर आणखी दोन आठवडे मी मागच्या खोलीत उभे होते, कारण डॉक्टरबाईंनी घाई करू नका असे बजावले होते. रोज थोडी थोडी भेट वाढत गेली. परवा मामाने माझी पाचर काढली. मला कळले की आता पुन्हा कपाट, छत्री आणि हँगर. खोटे कशाला बोलू, मला जायचे नव्हते. पण दोघे एका फडक्यावर झोपलेले दिसत होते. माझे काम फत्ते झाले होते, आणि फत्ते होण्याचा अर्थच मी नको होणे हा होता.

आई साबणाचे पाणी आणि घासणी घेऊन आली. वस्तू ठेवून देण्याआधी धुवायची, हा तिचा जन्माचा नियम. तिने माझ्यावरचे डाग पाहिले, दातांच्या खुणांवरून बोट फिरवले. इतक्यात कोतवाल उठून आला, त्याने माझ्या पट्टीवर हनुवटी घासली, आणि पाठोपाठ मिरीने त्याच जागी. आईने घासणी बादलीत टाकली.

"राहू दे," ती म्हणाली. "इथेच भिंतीला टेकवून ठेव. तसंच."

मित्रांनो, तिने कधी कुणाला असे म्हटलेले मी ऐकलेले नाही. म्हणून तुम्हाला सांगते. घरात नवा जीव आणलात तर त्याला एकदम कुणाच्या अंगावर लोटू नका. मध्ये माझ्यासारखे एखादे फाटक लावा, धीर धरा, एकाचा वास दुसऱ्याच्या ओळखीचा होऊ द्या. आणि कधी आमच्या घरी आलात, मला असे डागाळलेले पाहिलेत, तर कृपा करून फडके शोधू नका. मी मळलेले नाही.