विहीणबाईंच्या टेबलावर दोन बुक्क्या

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. त्या वर्षी गल्लीतल्या टेलरबाईंना परदेशातल्या लेकीचं पत्र आलं आणि अर्धवट शिवलेला फ्रॉक दोन दिवस सुईखालीच राहिला.

लेकीला सातवा लागला होता. तिने लिहिलं होतं, ‘आई, ये. पण सासूबाई म्हणतात, आधी आठ दिवस राहू दे. आमच्या घरात वागायला जमलं तर बाळंतपणापर्यंत राहील, नाहीतर परतीचं तिकीट आहेच.’

“विहीण आहे की परीक्षा घेणारी बाई?” टेलरबाईंची जाऊ म्हणाली.

टेलरबाई एरवी कोणाला भिणाऱ्या नव्हत्या. अख्ख्या वस्तीच्या कमरा त्यांच्या टेपखालून गेल्या होत्या, आणि कोणाची किती इंच वाढली हे त्यांनी जावेलाही कधी सांगितलं नव्हतं. पण पहिलं बाळंतपण, आणि तेही आईविना, या विचाराने त्यांची टीप वाकडी जायची. तिकडच्या रीतीभाती शिकल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

लेकीच्या शहरात जाऊन आलेला माणूस आसपास एकच होता. कप्तान. लोक म्हणायचे म्हणून कप्तान. खरं तर तो वीस वर्षं जहाजावर चादरी धुवायचा. जहाज त्याच शहराच्या बंदराला लागायचं. बंदराच्या फाटकाबाहेर तो एकदाही गेला नव्हता, पण हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही.

“लिहून घ्या वहिनी,” कप्तान खुर्चीत रेलून म्हणाला. टेलरबाईंनी मापांच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. “एक. बसण्याआधी टेबलावर दोन बुक्क्या मारायच्या. म्हणजे आपण आलो. दोन. हात मिळवला की आवळून धरायचा. जो आधी सोडेल तो हलका. तीन. चहा संपला की कप बशीत पालथा घालायचा, नाहीतर ते ओततच राहतात.”

“बायकासुद्धा असंच करतात?”

कप्तानाने त्या बंदरात बाई पाहिलीच नव्हती. “बायका तर जास्तच,” तो म्हणाला.

महिनाभर सराव चालला. जाऊ विहीण व्हायची. टेबलाचा एक पाय खिळखिळा झाला, आणि जावेची अंगठी बोटात अशी रुतली की काढायला साबण लागला.

विहीणबाईंचं घर आरशासारखं लख्ख. भिंतीवर पितळी बटणांच्या कोटातला मिशीवाला म्हातारा. “सासूबाईंचे वडील. चार जहाजांचे मालक,” लेक हळूच म्हणाली. समोर स्वतः विहीणबाई उभ्या, हनुवटीपर्यंत बटणं लावलेल्या.

टेलरबाईंनी दोन बुक्क्या मारल्या. बश्या खणखणल्या. जावई खिडकीबाहेर बघू लागला. मग त्यांनी विहीणबाईंचा हात धरला, तीस वर्षं कात्री चालवलेल्या हाताने, आणि विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत सोडला नाही. चहा झाला. कप पालथा पडला.

“आई, काय चाललंय तुझं?”

“रीत आहे. इथे राहून तुला एवढंही माहीत नाही?”

विहीणबाईंचा चेहरा खडूसारखा झाला होता. त्यांनी मुलाला पाव आणायला पिटाळलं, दार लावलं आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या.

“त्या विचारतायत, हे तुला कोणी सांगितलं?”

“कप्तानाने. इथल्या बंदरात वीस वर्षं होता तो. त्याला सगळं माहीत आहे.”

“अजून काय सांगितलं?”

“सांग त्यांना, सगळं वहीत आहे,” टेलरबाईंनी अभिमानाने पिशवीतून जाडजूड वही काढली.

विहीणबाई खुर्चीत बसल्या. तसबिरीकडे बघत अडखळत बोलू लागल्या. भाषांतर करता करता लेकही खाली बसली.

“आई, त्या म्हणतायत, जहाजं कधीच नव्हती. त्यांचे वडील बंदरावर पोती उचलायचे. घरीही असेच टेबलावर ठोकायचे, असाच कप पालथा घालायचे. सासरच्यांना त्यांनी कधी कळू दिलं नाही. मुलालासुद्धा नाही. म्हणतायत, तू पाहिजे तितके दिवस राहा, पण हे कोणाला बोलू नकोस.”

कप्तानाने कुठल्या रीती शिकवल्या ते आत्ता टेलरबाईंच्या डोक्यात शिरलं. त्यांना हसू आलं होतं, पण लेकीच्या पोटाकडे बघून त्यांनी ते गिळलं.

“सांग त्यांना,” त्या म्हणाल्या, “घेतलेलं माप मी कोणाला सांगत नाही.” आणि वही विहीणबाईंच्या हातात दिली.

आठ दिवसांचे सात महिने झाले. मुलगी झाली. तिला न्हाऊ घालायला दोन्ही आज्या भांडायच्या, आणि घरात तिसरं कोणी नसलं की विहीणबाई बसण्याआधी टेबलावर दोनदा ठोकायच्या.

कप्तानाला बिस्किटांचा डबा मिळाला. पुढे परदेशी जाणाऱ्या कितीतरी जणांना त्याने शिकवून पाठवलं. त्यांचं काय झालं, कळलं नाही. जाऊ लग्नाच्या पंगतीतसुद्धा टेबल ठोकून बसायची. शेवटी केटरर तिला टेबलाच्या टोकाला बसवू लागले. जावयाला अजून वाटतं, आजोबांची चार जहाजं होती. नातीने एक वाढवून पाच केली आहेत.

टेलरबाई ब्याऐंशीव्या वर्षी गेल्या, गळ्यात टेप घालूनच. विहीणबाई पुढच्याच वर्षी. त्यांच्यामागे लेकीने कुलूप लावलेलं कपाट उघडलं तेव्हा वही सापडली, मखमली कापडात गुंडाळलेली. शेवटच्या पानावर तीन रीती होत्या. बाकीच्या पानांवर सगळ्या वस्तीतल्या बायकांच्या कमरा, इंचांत.