रांगेतल्या मेलेल्या हाका

भरदुपारी अर्ध्या शहराची वीज गेली. ज्या ज्या घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, ते बॅटरीवर जाऊन ऑक्सिजन पुरवठा केंद्राच्या सर्व्हरला हाका मारू लागलं : सिलिंडर पाठवा. सर्व्हर रक्त आटवून राबत होता आणि केंद्राच्या मोठ्या स्क्रीनवर एकही विनंती उमटत नव्हती.

ठमी खुर्चीच्या टोकावर बसली होती. ठमी हे आत्याने ठेवलेलं नाव. बाई चौतिशीची झाली तरी आत्याच्या लेखी ती अजून फ्रॉकातच होती. हाका घेणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. आणि आई गेल्यावर जिने तिला वाढवलं ती आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, नाकात नळी घालून एकटी होती.

"सर्व्हरची रांग अजून वाढव," साहेब मागून म्हणाले. "लोक बाहेर ताटकळलेत."

रांग तिने मागेच वाढवली होती. पूर्वी गर्दी झाली की सर्व्हर जास्तीच्यांना दारातूनच नकार द्यायचा. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये ही आत्याची शिकवण. ठमीने ती थेट सर्व्हरला लावली आणि रांग ऐसपैस केली. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती.

फोन वाजला. आत्याच.

"ठमे, मशीन नुसतं लुकलुकतंय. गाडी येईल ना गं?"

"येईल. इथे फार गर्दी झालीय, तुझं मशीन रांगेत अडकलंय. मी बघतेय."

"मग ठेवते बाई. तुझ्या कामात लुडबुड नको."

ठमीने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. मशीन दहा सेकंद वाट बघतं, मग जोडणी तोडून पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहतं; तुटलेली हाक मात्र रांगेत तशीच राहते. रांग इतकी लांबली होती की नंबर लागायला त्याहून जास्त वेळ जात होता. म्हणजे सर्व्हर उचलत होता ती प्रत्येक हाक मेलेली. हॅलो म्हणावं तर पलीकडे कुणीच नाही. चांगुलपणा अंगाशी आला होता.

"साहेब, रांग छोटी करते. मावतील तेवढे घेऊ, बाकीच्यांना ताबडतोब नाही म्हणू. मशीनं दोन-चार सेकंदांनी परत येतीलच."

"डोकं ठिकाणावर आहे का? माणसं गुदमरताहेत आणि तू त्यांना हाकलणार?"

"रांगेत उभं करून मारतोय आपण त्यांना! माझी आत्या आहे त्यात."

साहेब तिच्या खुर्चीमागून बाजूला झाले. तिने आकडा बदलला आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

स्क्रीनवर एक विनंती आली. मग पाच. मग धो धो. ज्याची बॅटरी कमी त्याला आधी, अशा गाड्या सुटू लागल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ठमीची नजर मात्र एकच नंबर शोधत होती, आणि तो काही येईना. गर्दी ओसरत चालली, तरी नाही. तिने फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"आत्या, मशीन लुकलुकतंय का?"

"नाही गं." मध्ये एक लांब श्वास. "ती मागची सिमवाली कांडी... काढून ठेवलीय मी."

मशीन केंद्राशी बोलायचं ते त्याच कांडीवरून.

"काढलीस? का?"

"तूच म्हणालीस ना, गर्दी झालीय. म्हटलं, आपलं एक माणूस तरी कमी."

ठमीला रडू आलं नाही, संताप आला. आत्याचा, स्वतःचा, त्या जन्मभराच्या शहाणपणाचा. "लाव ती! आत्ताच्या आत्ता!"

पलीकडे खुडबुड झाली. काहीतरी पडलं. तिने पुन्हा उचललं असावं.

"लावली. लाल दिवा आलाय. नाही म्हणतंय गं ते."

सर्व्हरने आत्याला दारातून परत पाठवलं होतं, अगदी ठमीने सांगितल्याप्रमाणे.

"थांब. पुन्हा विचारेल ते. मशीनला मानापमान नसतो."

"लालच आहे."

"थांब, आत्या."

"...हिरवा झाला."

स्क्रीनवर आत्याचा नंबर उमटला, आणि यादीत सगळ्यांच्या वर गेला. बॅटरी अकरा मिनिटांची. सर्वांत जवळची गाडी नऊ मिनिटांवर.

"गाडी निघाली. फोन ठेवायचा नाही."

"अगं, मी अशी लाइन अडवून बसले... आणि दुसऱ्या कुणाचा फोन आला तर?"

"त्याला नाही म्हणेन," ठमी म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "तू फक्त श्वास घे."