कागदाची घडी आणि माझी झेंडी

मित्रांनो, वीज उपकेंद्रात तिसऱ्या पॅनलवर काचेच्या झाकणाआड बसलेला जुना रिले, तो मी. माझ्याकडे बाजारपेठेची लाइन. तिच्यात बिघाड होऊन प्रवाह बेसुमार वाढला, की माझी चकती फिरते, दोन संपर्क एकमेकांना टेकतात, लाल झेंडी पडते आणि लाइन बंद होते. मी चुकलो, तर शेजारचा रिले अख्ख्या गावाची वीज तोडतो.

दरवर्षी आमची चाचणी असते. तेव्हा बाजार उगाच अंधारात जाऊ नये, म्हणून माझ्या संपर्कांमध्ये कागदाची घडी अडकवतात. सहा वर्षांपूर्वी घडी अडकवली, चाचणी झाली, चहा आला, झाकण लागलं. घडी आतच राहिली.

पुढे बिघाड झाला की मी चकती गरागरा फिरवायचो, उपयोग शून्य. माझं काम शेजारी करायचा आणि वर बोलणी खायचा. माझं मात्र कौतुक. चाचणीवाले झाकण न उघडताच मागच्या वर्षीचे आकडे उतरवून घ्यायचे. ''सहा वर्षांत एकदा तरी वीज घालवली का यानं?'' म्हणत साहेबांनी मला पुसायला मऊ फडकं मंजूर केलं, आणि शेजाऱ्याला भंगारात काढायचा हुकूम. लाजेनं मी लाल झालो असतो, पण झेंडी पडेल तर ना.

शेजाऱ्याला काढायच्या दिवशी चाचणीला नव्या बाई आल्या. आधी माझ्याकडेच वळल्या.

''त्याला कशाला छळता, बाई? गुणाचा आहे तो,'' ऑपरेटरमामा म्हणाले.

''इतका गुणाचा आहे म्हणूनच उघडते, मामा.''

चिमट्यानं घडी बाहेर आली. जुन्या चाचणीपत्रकाचा तुकडा होता.

''कोणाचा हा गलथानपणा?'' मागून साहेबांनी विचारलं.

बाईंनी तुकडा पुढे केला. ''यावर लिहिलंय, ‘तपासून ठीक’. खाली सही आहे.''

साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. सहा वर्षांपूर्वी ते साहेब नव्हते, चाचणीला यायचे.

''शेजारचा राहू दे,'' ते हळूच म्हणाले आणि घडी खिशात घातली.

''आठवणीनं काढा हां, साहेब,'' मामा म्हणाले. ''नाहीतर राहायची आत.''

मग बाजाराला आधी कळवून बाईंनी प्रवाह सोडला. सहा वर्षांनी माझी झेंडी पडली. बाजार दोन मिनिटं बंद होता आणि शेजारी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निवांत बसला होता.

मित्रांनो, गप्प बसणाऱ्याचं कौतुक जरूर करा. फक्त त्याआधी एकदा झाकण उघडून बघा.